कोपराला किती मीटर पाणी? जॅकेट-चाचणीची तिसरी नोंद

पावसाळी जॅकेटच्या कापडावर उभ्या नळीतल्या पाण्याचा दाब द्यायचा आणि पाणी किती मीटर उंच गेल्यावर कापड गळतं ते बघायचं, अशी ही माझी घरगुती चाचणी. मागच्या नोंदीत जुन्या पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगच्या जॅकेटनं नऊ मीटर पाणी झेललं असं मी फुशारकीनं लिहिलं होतं. तो आकडा खोडून टाका, खोटा आहे.

चूक दाखवली ती शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीमामांनी. गच्चीवरून पार्किंगपर्यंत सोडलेली माझी नळी त्यांनी दोन मिनिटं न्याहाळली आणि म्हणाले, "साहेब, नळीत हवा आहे. अशा नळीनं मी पाणसळ धरली तर भिंत वाकडी उठंल." खरंच की. 12 मिमी आतल्या व्यासाची नळी नऊ मीटर भरायला साधारण एक लिटर पाणी लागतं. माझ्या लिटरच्या बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं! उभ्या नळीत हवेचा जेवढ्या लांबीचा तुकडा अडकतो, तेवढी उंची दाबातून वजा होते. म्हणजे माझे नऊ मीटर प्रत्यक्षात जेमतेम साडेचार.

आता पद्धत बदललीय. नळी आधी बादलीत वेटोळं करून पूर्ण भरायची, बुडबुडे टिचकीनं बाहेर काढायचे, मग वरचं टोक दोरीनं गच्चीकडे ओढत न्यायचं. दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ. भाची वरून ओढते आणि गाठ हातात आली की "मामा, सात!" असं ओरडते. प्रयोगशाळेत आयएसओ 811 ची (कापड किती दाबाला गळतं ते मोजायची प्रमाणित) चाचणी करताना दाब मिनिटाला 10 किंवा 60 सेंटिमीटरनं वाढवतात. आम्ही 60 चा वेग धरतो, म्हणजे भाचीला दोन गाठींच्या मध्ये मोबाईल बघायला जवळजवळ मिनिटभर मिळतं.

खालचं टोक आहे तसंच आहे. प्लायच्या तुकड्यात एक इंची टँक निपल, त्यावर ट्रकच्या ट्यूबमधून कापलेला वॉशर, मग जॅकेट (बाहेरची बाजू पाण्याकडे), त्यावर एक इंच भोकाचा दुसरा प्लाय आणि दोन जी-क्लॅम्प. जॅकेट कापावं लागत नाही. नळीत पाणी लिटरभरच, पण दाब ठरतो तो उंचीवर. नऊ मीटरला त्या एवढ्याशा भोकावर साडेचार किलोचा जोर येतो आणि कापड पुरीसारखं टम्म फुगतं. तीन वेगवेगळ्या जागी थेंब दिसले की थांबायचं, तीच उंची नोंदवायची.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं सोसायटीतल्या काकूंनी विचारलंच. काकू, आंबोलीसाठी. तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आम्ही बेडूकवेडे रात्री अकराला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पालथे पडून फोटो काढतो. पावसाच्या थेंबाचा जोर फार नसतो, खरा जोर आपल्याच कोपराचा. पंधरा किलो भार वीस चौरस सेंटिमीटरवर टेकला, तर तो साडेसात मीटर पाण्याच्या दाबाइतका होतो. लेबलवर 5000 मिमी (म्हणजे पाच मीटर पाण्याचा दाब) लिहिलेलं जॅकेट पावसात कोरडं राहतं आणि कोपरावर का भिजतं, ते मला हे गणित मांडल्यावर कळलं.

आता नवे आकडे. पीयू जॅकेट, लेबल 5000, वय तीन पावसाळे: पाठीच्या मधोमध 4.1 मीटर, म्हणजे वयाच्या मानानं वाईट नाही. पण डाव्या खांद्यावर, जिथं सॅकचा पट्टा घासतो, तिथं 1.3. काखेतल्या शिवणीवरची टेप एका टोकाला सुटलीय, तिथं भाचीच्या हातात पहिली गाठही आली नव्हती. म्हणजे एकाच जॅकेटचे तीन आकडे, आणि लेबलवर छापलेला त्यातला एकही नाही. छापतात तो नव्या कोऱ्या, सपाट कापडाचा.

गल्लीतला पीव्हीसी रेनकोट गच्चीच्या कठड्यापर्यंत, म्हणजे 9.2 मीटरपर्यंत, ढिम्म. पण तो घालून घाट चढलो की आतून घामानं चिंब होतो, शिवाय हात हलवला की कुरकुर होते ती वेगळीच.

तिसरं जॅकेट मिनेसोटातल्या मावसभावाचं. तिकडं हरणाच्या शिकारीला जातात त्यासाठीचं, त्याच्या पोटावरून चेन लागेना म्हणून माझ्याकडं आलं. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी, पण बेडूक पाहणाऱ्याची गरज शिकाऱ्याचीच: आवाज नको. बाहेरचं कापड मऊ, लव असलेलं, बाही घासली तरी खसखस नाही. हेही 9.2 ला कोरडं. त्याहून उंच आमची इमारत नाही.

तरी गेल्या जुलैत हेच जॅकेट गळलं अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून त्याचं बुजगावणं केलं: आत रद्दी कोंबली, वरून टिश्यूपेपरवर वॉटरकलर स्केचपेननं ठिपके काढून ते अस्तराला लावले आणि दहा मिनिटं शॉवरखाली टांगलं. रद्दीला घाम येत नाही, त्यामुळे ठिपका पसरला तर तो गळतीनंच. (पाणी टबमध्ये धरलं, फरशी धुतली. काकूंनी हेही विचारलं होतं.) खांद्यावरचे, पाठीवरचे सगळे ठिपके जसेच्या तसे, फक्त मनगटाशी दोन फिसकटले. म्हणजे जुलैतला ओलावा बहुतेक माझाच.

कारणही सापडलं. शॉवरनंतर जॅकेट 210 ग्रॅमनं जड झालं होतं. लव पाणी पिऊन बसली होती. वरचं कापड असं भिजलं की पाणी आत येत नाही, पण आतली वाफही नीट बाहेर पडत नाही, जॅकेट गार पडतं आणि अस्तरावर दव साचतं. सौम्य साबणानं धुतलं, तीनदा खळबळलं, वाळल्यावर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवली. उष्णतेनं पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. मग तीच शॉवर, तीच दहा मिनिटं: 70 ग्रॅम. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे पळत होते. लेबलवर इस्त्रीची खूण नसेल तर मात्र हा उद्योग करू नका.

चेन आणि टोपीची शिवण राहिलीय, ती क्लॅम्पमध्ये नीट बसत नाही. चेनवर वॉशर दाबला की कडेनं पाणी निसटतं. ट्यूबचे दोन वॉशर एकावर एक ठेवून बघणार आहे.

शनिवारी आंबोली. शिकारी जॅकेट माझ्या अंगावर, पीयूवालं भाचीच्या. काखेत नवी टेप इस्त्रीनं बसवलीय. डाव्या खांद्याला आतून खडूनं गोल काढून "1.3" लिहून ठेवलंय, आणि सॅक मी उचलणार असं कबूल केलंय.