मारका खोंड

"डॉक्टर, खोंड मारका झालाय. चिमटा लावून टाका, गार पडेल." आटपाडीच्या बाजूला खिल्लार बैल पाळणाऱ्यांचे असे फोन मला सारखे येतात. चिमटा म्हणजे वृषणाच्या नसा दाबून खोंडाला खच्ची करायचं अवजार. त्यांचा समज अगदीच निराधार नाही. १८४९ साली जर्मनीत गॉटिंगेनला बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या पिल्लांची वृषणं काढली. त्यांचा तुरा खुरटला, आरवणं आणि झुंजणं बंद पडलं. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, तर त्यांचा तुरा वाढला आणि ती भांडायला लागली. वृषणातून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचा हा परिणाम खरा आहे.

पण मी आधी गोठ्यात जाऊन जनावर बघतो. वयात आलेला, माज चढलेला खोंड आडवा उभा राहून अंग दाखवतो, मान खाली घालतो, खुरानं माती उकरतो. दुसरा खोंड दाव्याला मागे ताण देतो, डोळ्यांचं पांढरं दिसतं, नाकपुड्या फुगतात. त्याची वेसण इतकी आवळलेली असते की आतून पू येतो, आणि पोरं जाता-येता त्याला काठीनं टोचत असतात. हा घाबरलेला आहे. लोक दोघांनाही मारकाच म्हणतात.

भीतीनं अंगात वेगळं रसायन वाढतं. माणसात आणि गुरांत ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. मेनो क्रुक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की उंदराच्या मेंदूतल्या हल्ल्याच्या जागेला विजेनं चेतवलं तर समोर शत्रू नसतानाही हे संप्रेरक झपाट्यानं चढतं. उलट बाजूनंही तेच: हे संप्रेरक टोचलं की त्याच जागेतून हल्ला लवकर घडतो. राग ताण वाढवतो आणि ताण राग, तेही काही मिनिटांत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण काठी खाल्लेलं जनावर पुढच्या माणसावर का धावतं ते यातून कळतं.

चिमट्यानं टेस्टोस्टेरॉन उतरतं, वेसणीची जखम तशीच राहते. शिवाय मोठ्या वयात खच्ची केलेल्या वळूची अंगावर यायची सवय पुष्कळदा सुटत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या, घाबरलेल्या खोंडाची मी आधी वेसण बदलतो, जखम धुतो, सावलीत बांधायला लावतो. वैरण रोज एकाच माणसानं, आवाज देत, समोरून घालायची. काठी गोठ्याबाहेर. चिमटा लावायचाच झाला तर जनावर निवल्यावर, आणि भूल देऊनच. तोवर मुलांना गव्हाणीपाशी जाऊ देऊ नका.