भिंतीवर अली का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये एकच फोटो आहे. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी. मुहम्मद अली आडवा पडलाय आणि त्याला पाडणारा जो फ्रेझर अजून उभा आहे. पोरांना घेऊन येणारे पालक, दुसऱ्या क्लबचे कोच, फोटो काढायला आलेला वार्ताहर, सगळे एकच विचारतात, "सर, अलीचा फोटो नाही लावला?" आहे की, म्हणतो मी, खाली बघा. लोक हसतात आणि विषय बदलतो. इतकी वर्षं या विनोदावर भागवलं. परवा एका जुन्या पोराने मात्र सरळच विचारलं, "सर, अलीवर तुमचा एवढा राग का?" म्हणून म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकू.

राग नाही. अली काय चीज होता हे मला शिकवू नका. व्हिएतनामला जायला त्याने दिलेला नकार, त्यापायी बॉक्सिंगबंदीत गेलेली वर्षं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, मलाही आहे. तुम्हाला जे पाठ नसतं ते असं, की त्या बंदीच्या काळात फ्रेझरने अलीला पैसे दिले होते आणि त्याचं लायसन्स परत मिळावं म्हणून खटपटही केली होती. मग सामना ठरला आणि अलीने त्याच फ्रेझरला 'अंकल टॉम' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोऱ्यांचा चमचा. १९७५ साली मनिलाला दोघांचा सामना झाला, त्याच्या आधी तर गोरिला म्हणाला, रबरी बाहुली हातात घेऊन, यमक जुळवून. कुणाला? साउथ कॅरोलिनातल्या शेतात राबणाऱ्या आईबापाच्या डझनभर मुलांपैकी एकाला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करून वर आलेल्या माणसाला. तिकिटं खपवायला अली असं बोलतो, हे फ्रेझरलाही कळत असणार. पण त्याच्या मुलांना शाळेत ते ऐकून घ्यावं लागत होतं.

पण हेही माझं खरं कारण नव्हे. हे वादात सांगायचं कारण आहे. वीस-बावीस वर्षांचा असताना मी हेच सांगून भांडायचो.

तेव्हा मला फ्रेझर आवडायचा तो डाव्या हुकसाठी, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशासाठी. लहानपणी डुकराच्या तावडीतून पळताना पडला आणि डावा हात मोडला. डॉक्टरला दाखवायची ऐपत नव्हती. हात वाकडाच जुळला, पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. तोच हुक. १९६४ च्या ऑलिंपिक संघात तो मुळात राखीव होता. निवड झालेल्या बस्टर मॅथिसचा हात दुखावला म्हणून टोकियोत लढायची संधी याला मिळाली. उपांत्य लढतीत अंगठा मोडला तरी फायनल लढला आणि ३-२ ने सुवर्ण आणलं. १९७० साली जिमी एलिसला हरवून निर्विवाद हेवीवेट विजेता झाला. अंगाने काही फार मोठा नव्हता, सहा फुटांना थोडा कमीच. समोरच्याच्या जॅबखालून, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून, वाकत, डुलत पुढे घुसायचा, कारण मागे राहून त्याला जमणारच नव्हतं. जानेवारी १९७३ मध्ये जमैकात किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. लोकांना ते सहा आकडे लक्षात आहेत. मला लक्षात आहे की तो सहाही वेळा उठला.

आता मनिला. १ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी सामना तिथल्या सकाळी ठेवलेला, हॉलमध्ये भट्टी पेटलेली. सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या, अकराव्यापासून पुन्हा अलीच्या. तेराव्यात फ्रेझरचा माउथगार्ड उडून बाहेर गेला. चौदाव्यात उजवा डोळा सुजून बंद झाला. डाव्या डोळ्याने त्याला कित्येक वर्षं धड दिसतच नव्हतं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. म्हणजे अलीचा उजवा हात येताना दिसतच नव्हता. चौदावी संपली, तो स्टुलावर बसला आणि त्याचा कोच एडी फच म्हणाला, मी थांबवतोय. फ्रेझर उठायला लागला. नको, मला तो हवाय. फचने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. झालं आता पोरा, म्हणाला, आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही.

एक फेरी राहिली होती. फक्त तीन मिनिटं.

समोरच्या कोपऱ्यात अलीची हालत काय होती यावर आजही वाद आहे. तो ग्लोव्हज कापायला, म्हणजे सामना सोडायला, सांगत होता असं म्हणतात, त्याच्या कोपऱ्यातले लोक नाही म्हणतात. मरणाच्या सगळ्यात जवळ गेलो ते त्या दिवशी, असं अली स्वतः म्हणाला. माझं त्या वयातलं ठाम मत असं की फचने सामना घालवला. दहा सेकंद थांबला असता तर अलीच उठला नसता. तिन्ही पंचांच्या गुणांच्या कार्डांवर अली पुढे होता असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, कार्डाला काय चाटायचंय? माणूस उभा राहत होता ना? मग त्याला बसवणारे तुम्ही कोण?

मी कोण, हे मला पुढे कळलं. एकोणीस वर्षांखालच्या गटाचा राज्य स्पर्धेचा उपांत्य सामना, मी शिकवलेला एक पोरगा लाल कोपऱ्यात. नाव सांगत नाही. आमच्या हॉलमधला आतापर्यंतचा सगळ्यात चांगला डावा हात. पहिली फेरी आमची, दुसरी गेली. मधल्या मिनिटात मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "काय वाटतंय?" तो म्हणाला, "बरंय सर." पण बघत होता माझ्या कानाच्या मागे कुठेतरी, दिव्यांकडे. मी ते पाहिलं आणि तरी त्याला उठवलं. हे आधी लिहितो, कारण त्या दिवशी मी टॉवेल टाकला, म्हणजे कोच म्हणून सामना सोडला, त्याबद्दल विचारणारे हे विचारत नाहीत.

तिसरीच्या अखेरीला त्याला कानामागे एक सरळ बसला. पडला नाही. तरी रेफरीने आठपर्यंत मोजायला सुरुवात केली. टॉवेल माझ्या हातात होता. आमच्या नियमात मोजणी चालू असताना टॉवेल टाकता येत नाही. आठ आकडे हातात टॉवेल धरून उभं राहायचं. एवढा वेळ मला आयुष्यात दुसऱ्या कशालाही लागलेला नाही. तीनला वाटलं टाकायचा. पाचला त्याने ग्लोव्हज वर घेतले, वाटलं नको. सातला त्याचा उजवा पाय दिसला. तो पाय त्याच्याबरोबर येत नव्हता, मागे राहत होता. आठ झाले, रेफरीने ग्लोव्हज पुसले, "बॉक्स" म्हणाला, पोरगा पुढे निघाला आणि मी टॉवेल टाकला.

त्याने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हेडगार्ड काढून ठेवला, निमूट दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन हात मिळवून आला. परतीच्या गाडीत एक शब्द नाही. दुसऱ्या आठवड्यात ग्लोव्हज आईच्या हाती परत पाठवले, धुऊन, वाळवून, आत वर्तमानपत्र कोंबून. पुन्हा हॉलमध्ये आला नाही.

डॉक्टरने तपासलं, सगळं ठीक निघालं. म्हणजे मी बरोबर होतो, असं लोक म्हणतात. नाही हो. काही झालं नाही यावरून काही होणार होतं की नव्हतं, हे कळत नाही. फचने रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. मी नव्हती पाहिली. सामन्याच्या सकाळी त्या पोराची आई मला म्हणाली होती, "सर, नीट घरी आणा त्याला." मी म्हणालो होतो, "आणतो ताई, काळजी करू नका." टॉवेल त्याच्यासाठी टाकला की त्या वाक्यासाठी, की मला घाबरायला झालं म्हणून, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

म्हणून फ्रेझर. आपल्याला वाचवलं म्हणून तो समाधानी वगैरे झाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो झाला नाही. शेवटची फेरी लढायची होती, हेच म्हणत राहिला. आणि त्याहून वाईट म्हणजे, १९८३ साली लास वेगासला त्याने स्वतःचा मुलगा मार्व्हिस लॅरी होम्ससमोर उभा केला, अवघ्या दहा व्यावसायिक लढतींच्या अनुभवावर. पहिल्याच फेरीत होम्स मारता मारता थांबून रेफरीला खुणावत होता, थांबवा हे. प्रतिस्पर्ध्याला दिसलं, बापाला दिसलं नाही. तीन वर्षांनी तोच मुलगा टायसनसमोर, तीस सेकंद. या माणसाचा फोटो मी भिंतीवर लावतो आणि रोज वीस पोरांना हात वर ठेवा म्हणून ओरडतो. विसंगती आहे, मला दिसते.

पुढचं थोडक्यात. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची जिम होती, वरच्या मजल्यावर तो राहायचाही. ती बंद पडली, मग तिथे फर्निचरचं दुकान आलं. फिलाडेल्फियात सिनेमातल्या एका काल्पनिक बॉक्सरचा पुतळा कधीपासून उभा होता. फ्रेझरचा आला २०१५ साली, तो यकृताच्या कर्करोगाने गेल्यावर चार वर्षांनी. त्याच्या अंत्यविधीला अली आला होता, थरथरत. मी तो व्हिडिओ पाहिला आणि माझं जुनं भांडण थोडं मिटलं. सगळं नाही.

बाकी, तो मुलगा मला मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. तब्येत छान, नोकरी छान. पाया पडला, बायकोची ओळख करून दिली. मी उगाच बोलून गेलो, "तेव्हा चाळीस सेकंद राहिले होते रे, चाळीस सेकंद फार असतात." इतकी वर्षं सगळ्यांना मी चाळीसच सांगत आलोय. तो हसला आणि म्हणाला, "अठ्ठावीस, सर."