दुधातली कोलंबी आणि कडक भाकरी

यंदा सुट्टीत बॉस्टनहून सोलापूरला आले आणि घरच्यांना तिकडचं क्लॅम चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं दुधातलं दाट सूप, करून घालायचं ठरवलं. पहिली अडचण आली ती पातेल्याची. "मासे आणि दूध? माझ्या पातेल्यात नाही," असं म्हणून आईनं माळ्यावरचं एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून दिलं. मामा सोफ्यावरूनच ओरडला, "कोड उठतंय गं अंगाला! एवढं शिकून हे काय करायलीस?"

मी चिडले. ही पोस्ट त्या चिडण्यातूनच लिहितेय.

कोड उठतं ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळं, आणि बहुतेक वेळा आपलीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटलेली असते. माशांचा आणि दुधाचा त्यात हात नाही. बॉस्टनचं युनियन ऑयस्टर हाउस हे चाउडर मिळणारं हॉटेल १८२६ पासून चालू आहे. दुधातल्या शिंपल्यांनी अंगावर काही उठत असतं तर त्याला कधीच टाळं लागलं असतं. चरकसंहितेत दूध-मासे विरुद्धाहारात मोजलेत, हे मान्य. पण त्याच अध्यायात समप्रमाणात मध आणि तूपही वर्ज्य सांगितलंय. सत्यनारायणाला पंचामृत कालवताना आमच्याकडं कुणी तराजू घेऊन बसल्याचं मला आठवत नाही.

तिकडं लोक शिंपल्यांना भीत नाहीत असं नाही. त्यांची भीती वेगळी. समुद्रात एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ माजलं की शिंपले ते गाळून खातात आणि विष त्यांच्या अंगात साठतं. हे विष शिजवून जात नाही. म्हणून सरकार पाण्याची आणि शिंपल्यांची तपासणी करतं आणि धोका दिसला की तेवढा किनारा बंद करून टाकतं. शिंपल्यांच्या प्रत्येक गोणीला एक चिठ्ठी बांधलेली असते. माल कुठल्या पाण्यातून काढला, कुठल्या तारखेला, कुणी काढला, सगळं तिच्यावर. गोणी संपली की दुकानदारानं किंवा हॉटेलवाल्यानं त्यावर तारीख घालायची आणि ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची. कुणी आजारी पडलं तर थेट त्या पाण्यापर्यंत माग काढता यावा म्हणून.

मला हे आधी माहीत नव्हतं. बॉस्टनमध्ये आमच्या भागातल्या मासळीच्या दुकानात सहज विचारलं, "ताजे आहेत ना?" तर म्हाताऱ्या दुकानदारानं ना भुवई उंचावली ना शपथ घेतली. त्यानं गोणीची चिठ्ठी उलटून माझ्यासमोर धरली. ओलसर, कडेला चिखल लागलेला, पेनानं लिहिलेला जाड कागद. त्यावर खाडीचं नाव आणि आदल्या दिवशीची तारीख. वर त्यानं गल्ल्याखालचा खोका ओढून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही दाखवला, रबर लावून तारीखवार ठेवलेला. माझ्यामागं रांग लागली होती तरी मी तो गठ्ठा चाळत उभी. नवरा म्हणाला, "तुला शिंपले घ्यायचेत की ऑडिट करायचंय?"

सोलापुरात कोलंबी घ्यायला गेले तेव्हा तोच प्रश्न विचारला. "आजचाच माल हाय ताई." बर्फातली कोलंबी, समुद्र आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर, आणि माल आजचाच.

आता यावर लगेच नाक मुरडू नका. मटणाच्या बाबतीत आपलं सोलापूर कुणाला हार जाणार नाही. बोकड समोर टांगलेला असतो, मामा बोट दाखवील तिथलंच काढून मिळतं, आणि खाटकाला मामाचं सगळं घराणं तोंडपाठ. तिकडं प्लॅस्टिकच्या थाळीत गुलाबी तुकडे पडलेले असतात, ते कुठल्या प्राण्याचे आणि कुठल्या भागाचे हे स्टिकर वाचून कळतं. तिथं कुणाची चिठ्ठी चांगली, तुम्हीच सांगा. (माशांचं मात्र ते लोक जिंकले.)

तर चाउडर. शिंपले मिळाले नाहीत, म्हणून कोलंबी. उजनीच्या धरणाची रोहू-कटला सहज मिळाली असती, पण गोड्या पाण्याच्या माशाला ती खारट चव येत नाही. हॉटेलातल्या चवीचं गुपित क्रीममध्ये असतं असं लोक समजतात. ते असतं शिंपल्यांच्या पाण्यात. मी कोलंबीची डोकी आणि टरफलं लोण्यात लालसर होईपर्यंत परतली, पाणी घालून उकळली आणि आईकडून गाळून घेतली. डुकराचं खारवलेलं मांस हवं असतं, ते आमच्या घरात येणं शक्यच नव्हतं, लोण्यावर भागवलं. त्याच पाण्यात कांदा आणि बटाट्याच्या फोडी शिजवल्या, थोड्या डावानं ठेचल्या. दाटपणा एवढ्यानंच येतो. बॉस्टनमधली पर्यटकांसाठीची हॉटेलं त्यात एवढा मैदा घालतात की चमचा उभा राहतो. त्याला मी चाउडर म्हणत नाही.

दुधात मात्र आपली बाजू भक्कम. अमेरिकेतल्या साध्या दुधात जेमतेम सव्वातीन टक्के स्निग्धांश, आपल्या म्हशीच्या दुधात सातच्या आसपास. पंढरपुरी म्हैस आपल्याच जिल्ह्याची. अमूलच्या छोट्या खोक्यातल्या क्रीममध्ये २५ टक्के, तिकडच्या हेवी क्रीममध्ये निदान ३६. क्रीम पातळ असेल तर जोरात उकळल्यावर फाटण्याची भीती जास्त, म्हणून गॅस बंद करून शेवटी घातलं. त्याआधी कोलंबी दोन मिनिटं, वर मिरपूड. लिंबू नाही, टोमॅटो तर नाहीच. १९३९ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका आमदारानं चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर कायद्यानं बंदी आणायचा ठराव मांडला होता. शेंगा चटणी मिक्सरवर फिरवलेली आपल्याला चालत नाही, तेव्हा मला त्याचा राग कळतो.

चाउडरवर चुरायला तिकडं छोटी खारी बिस्किटं देतात. इथं मी कडक भाकरी चुरली. आणि खरं सांगायचं तर हेच मूळच्या जवळचं आहे. पूर्वी खलाशी महिनोन्‌महिने टिकणारी दगडासारखी बिस्किटं चाउडरमध्ये घालून ते दाट करायचे. १७५१ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कृतीत मासे, कांदा, डुकराचं मांस आणि बिस्किटं आहेत. दूध आणि बटाटे नंतरचे.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हणजे मूळच्यात दूध नव्हतंच की."

मामानं वाटीत शेंगा चटणी घातली, वर तेलाचा तवंग आला, दोन वाट्या संपवल्या आणि "मटण असतं तर बरं झालं असतं" म्हणाला. आईनं कोलंबी वाटीच्या कडेला सारून फक्त बटाटे खाल्ले. दूध-बटाट्याला काही हरकत नाही, म्हणे. ते बटाटे ज्या पाण्यात शिजले, ते तिनंच गाळून दिलं होतं.