लाल शाई

दाखल नोंदवहीचा, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात त्या वहीचा, नियम मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला. खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं तर नावच काढायचं नाही. नोंद चुकली तर तिच्यावर लाल शाईने एकच रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, आणि शेजारी ग्रंथपालांची सही घ्यायची. बावीस वर्षं कॅटलॉगिंगला काढल्यावर हे हातात इतकं मुरलंय की घरच्या हिशेबाच्या वहीतही मी एकच रेघ मारते.

मग प्रशिक्षण आलं. आठवड्याला कामाच्या वेळेतला एक तास, आणि दर वेळी वेबवरची एक नवी गोष्ट स्वतः करून बघायची. कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत शार्लट अँड मेक्लेनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी २००६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी अशा २३ गोष्टी आखल्या आणि पुढे देशोदेशीच्या ग्रंथालयांनी त्या उचलल्या. तिथे सगळ्या पुऱ्या करणाऱ्यांना एमपी३ प्लेअर मिळाला म्हणे. आम्हाला प्रमाणपत्र. असो.

आरएसएस, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप आपल्याकडे येण्याची सोय, पटकन जमलं. टॅगशी मात्र मी भांडले. जन्मभर मार्कच्या, म्हणजे संगणकातल्या ग्रंथनोंदीच्या साच्याच्या, ६५० क्षेत्रात एकच प्रमाण विषयशीर्षक भरायचं, आणि इथे वाचक एकाच विषयाला मनाला येतील ती पाच नावं देणार! अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही.

आणि मग विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून थेट वेबवरच लिहिता-बदलता येणारी पानं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, हवाईच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट, एवढं सांगून प्रशिक्षक जेवायला गेले. सरावासाठी आमचंच पान होतं: देवघेवीच्या टेबलावर वाचक काय काय विचारतात आणि उत्तर कुठे सापडतं. तीन आठवडे सगळ्यांनी मिळून ते भरलं होतं. मी माझ्या दोन ओळी आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिल्या, चार वेळा तपासल्या, कॉपी केल्या. विकीच्या खिडकीत आले आणि सवयीने कंट्रोल-ए दाबलं, म्हणजे पानावरचा सगळाच मजकूर निवडला. मग पेस्ट. मग, झलक न बघता, ‘जतन करा’.

पानावर माझ्या दोनच ओळी उरल्या.

हात गार पडले. मी मागे जायचं बटण दाबलं, पान पुन्हा उघडलं, उगाच स्क्रीन पुसली. शेजारी देवघेवीचे आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी बसले होते. ‘या वयात कशाला हे’ म्हणत पहिल्या दिवसापासून कुरकुरणारे. त्यांना म्हटलं, ‘काका, सगळं गेलं. सगळ्यांचं.’

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. ‘हे ‘इतिहास’ काय आहे, बघा तरी.’

दाबलं. एकाखाली एक ओळी उघडल्या: तारीख, वेळ, कुणी बदल केला आणि पान किती बाइटनी वाढलं किंवा घटलं. सगळे आकडे हिरवे आणि अधिक. सर्वांत वर माझं नाव, आणि पुढे ठळक लाल अक्षरांत ‘−१४,२०६’. (देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, त्यामुळे नुकसान दिसतं तेवढं मोठं नव्हतं. हे नंतर कळलं, तेव्हा कळून उपयोग नव्हता.) त्या आकड्याच्या खालच्या ओळीतली वेळ दाबली तर जुनं पान जसंच्या तसं, काकांच्या ‘नुतनीकरण’ या चुकीच्या ऱ्हस्वासकट.

म्हणजे इथेही कुणी पान फाडत नव्हतं. खालची अक्षरं वाचता येत होती. बावीस वर्षं मी ज्या वहीसमोर बसले, तिच्याच जातीची ही वही, आणि तीन आठवडे मी तिला भीत होते.

मी ‘परतवा’ दाबलं. बदलाचा सारांश लिहायची एक चौकट होती. तिच्यात लिहिलं, ‘चुकून खोडले गेले, पूर्ववत केले’, आणि सवयीने पुढे आद्याक्षरं टाकली. मग काकांना विचारलं, ‘तो लाल आकडा काढून टाकता येईल का हो?’

त्यांनी चष्मा खाली घेतला. ‘कशाला? लाल शाई झाली, नाव झालं, वेळ झाली. ग्रंथपालांची सही तेवढी आणा.’