पोरं बघतात, पैसा बाप देतो: शोरूमची पहिली जाहिरात मिळवताना

अमळनेर तालुक्यात आमचा अहिराणी विनोदी व्हिडिओंचा ग्रुप आहे. लिहिणं आणि काम करणं बाकीच्यांकडे, पैशांची बाजू माझ्याकडे. यूट्यूबकडून येणारी रक्कम कॅमेऱ्याच्या हप्त्यालाही पुरत नाही, म्हणून स्थानिक जाहिराती आणायचं ठरलं. दुचाकीच्या एका शोरूमची जाहिरात मिळवायला अख्खा पावसाळा गेला. आपल्याकडे असं काम करणाऱ्या पोरापोरींना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

शोरूमचे काका दसरा-दिवाळीला पेपरात पाव पान देतात, लाऊडस्पीकरची रिक्षा फिरवतात, बस स्टँडजवळ फ्लेक्स लावतात. गाडी चालवणारा मात्र कॉलेजातला किंवा नुकता कामाला लागलेला असतो. तो पेपर उघडत नाही, आमचे व्हिडिओ बघतो. हे मी मांडलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "पोरे दखतस बेटा, पन पैसा बाप देस."

ही टाळाटाळ नव्हती. डाउन पेमेंट कापूस विकून आलेल्या पैशातून जातं, कर्जाला जामीन बाप राहतो. मॉडेल आणि रंग पोरगा ठरवतो, पण कोणत्या शोरूममधून घ्यायची हे बाप ओळखीवर ठरवतो. म्हणजे तरुणांपर्यंत पोहोचूनही अर्धंच काम होतं, आणि काकांना खर्च पूर्ण कामाचा हवा होता.

मग आकड्यांची गोष्ट आली. व्ह्यूज पाहून त्यांनी एकच विचारलं, "यातले आपल्या तालुक्यातले किती?" मी फोनवर शहरांची यादी उघडली. सुरत, पुणे, नाशिक वर आणि आपला भाग बराच खाली. अहिराणी माणूस पोटासाठी जिथे गेला तिथे आमचे व्हिडिओ पोहोचले याचा मला अभिमान आहे. पण सुरतेच्या उधन्यात बसलेला प्रेक्षक अमळनेरच्या शोरूमला काय कामाचा? वयाचंही तेच. अकाउंट बापाच्या नावाचं, फोन चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात, आणि आकडा दाखवतो पस्तीस ते चव्वेचाळीस.

शिवाय हा आकडा मोजतं कोण? पेपरचा खप तपासायला १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे. इथे जागा विकणाराच मोजणी करतो. तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणाऱ्यांना हिशेबातून वगळल्यामुळे व्हिडिओ पाहण्याच्या वेळेची सरासरी फुगली होती, हे फेसबुकने २०१६ मध्ये स्वतःच मान्य केलं. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूब 'शॉर्ट' म्हणजे छोटा व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतं. काकांना हे तपशील ठाऊक नव्हते, पण शंका नेमकी इथलीच होती. मी ते त्यांना स्वतःहून सांगितले. लपवून मिळवलेली जाहिरात एकदाच मिळते.

सगळ्यात मोठी भीती शेजाराची निघाली. पेपरात आपली जाहिरात कोणत्या बातमीजवळ येणार याचा साधारण अंदाज असतो. इथे आधी आणि नंतर काय चालेल ते कुणाच्याच हातात नाही. २०१७ मध्ये अतिरेकी व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसल्या म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी यूट्यूबवरचा खर्च थांबवला होता. काकांची चिंता घरगुती होती: एखादा पोरगा हेल्मेटशिवाय एका चाकावर गाडी उडवतोय आणि त्याच्यालगत त्यांच्या शोरूमचं नाव. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा झाला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावात रोज तोंड दाखवणाऱ्या माणसाने याचा विचार का करू नये?

शेवटचं कारण मला बाहेरून कधीच कळलं नसतं. पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण आणि बिल जोडलं की गाडीच्या कंपनीकडून त्यांना खर्चाचा काही भाग परत मिळतो. आमच्या व्हिडिओचं कात्रण कुठून आणायचं?

यानंतर मी व्ह्यूजबद्दल बोलणंच सोडलं आणि एका कागदावर अटी लिहून नेल्या. स्क्रिप्ट आधी काकांना वाचून दाखवायची, त्यांनी हो म्हटल्यावरच शूटिंग. गाडीवर प्रत्येक जण हेल्मेट घालणार, अठराच्या खालचं कुणी चालवणार नाही. व्हिडिओवर सुरुवातीपासून 'जाहिरात' असं ठळक लिहिणार. पैसे घेऊन केलेली शिफारस उघड सांगायची, असे एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे २०२१ पासूनचे नियम आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. हे ऐकून ते बिचकतील असं ग्रुपला वाटत होतं. उलट त्यांची खुर्ची पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

सुरतचा प्रश्न आम्ही असा सोडवला: पूर्ण व्हिडिओ चॅनलवर, आणि त्यातलाच छोटा तुकडा सशुल्क जाहिरात म्हणून फक्त अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या भागात, वय अठराच्या वर. जाहिरातीचं खातं काकांच्या नावाने उघडलं, पैसे त्यांच्या कार्डावरून. रोजचा खर्च त्यांना स्वतःच्या फोनवर दिसायचा. आम्ही फक्त व्हिडिओचं बिल लावलं, निम्मे आधी आणि निम्मे दसऱ्यानंतर. आणि शोरूममध्ये येणाऱ्याला "कुठे पाहिलं?" विचारून चौकशीच्या वहीत लिहायचं काम सेल्समनला दिलं. त्या वहीवर काकांचा जेवढा विश्वास बसला तेवढा फोनवरच्या कुठल्याही आकड्यांवर बसला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

गोष्टही बदलली. आधी चार मित्रांची होती, आता बापलेकाची झाली. पोरगा रंगावर अडलेला, बाप मायलेजवर, आणि भांडण पूर्ण अहिराणीत. आमच्या व्हिडिओंपैकी मला सर्वांत आवडणारा तोच. वहीत 'व्हिडिओ' असं लिहिलेल्या कितीतरी नोंदींसमोर बाप आणि मुलगा दोघंही आलेले होते.

कंपनीकडून खर्च परत मिळवायचा अर्ज मात्र अजून अडकलाय. त्यांना प्रसिद्धीआधीची मंजुरी हवी होती, ती या वेळी घेतलेली नव्हती. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, काकांनी पुन्हा होकार दिला, तेव्हा स्क्रिप्ट आधी कंपनीकडेच पाठवली आहे. पेपरातलं पाव पान त्यांनी तसंच ठेवलंय, मीही ते बंद करायला सांगितलेलं नाही.

दरम्यान एका क्लासवाल्या सरांचा फोन आला. त्यांना दहावीची मुलं नेमकी गाठायची आहेत. अठराच्या खालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मनाईची तरतूद आहे, हे मी त्यांना सांगितलं. व्हिडिओ आईवडिलांसाठी करू या असं सुचवलंय. सर विचार करून सांगतो म्हणाले.