दिवाणखान्यापर्यंत आणलेली तार

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी राउटरपासून दिवाणखान्यातल्या स्ट्रीमरपर्यंत, म्हणजे इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रापर्यंत, लॅन केबल टाकून घेतली. गेले चार महिने गाणे मध्येच तुटत होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचे एक आवर्तन (बारा मात्रांचा एक फेरा) कधीकधी मिनिटभर चालते, आणि गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, येत असताना नेमकी दोन सेकंदांची शांतता पडली, तर तोवर मनात साठत आलेले सगळे विरून जाते. हे मला फार लागत असे.

आधी मी दोष इंटरनेटच्या वेगाला दिला आणि महागडा प्लॅनही घेतला. हिशेब त्याआधीच करायला हवा होता. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि आवाजाचे चॅनेल दोन, डावे व उजवे. गुणाकार केला तर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही, आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेल्या फाइलमध्ये, त्याहूनही कमी.

खरे कारण स्वयंपाकघरात सापडले. आईने दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावला की थोड्याच वेळात गाणे थांबे. तो ओव्हन आणि माझ्या जुन्या स्ट्रीमरचे वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि इमारतीतली सगळी बिऱ्हाडे त्यांतच दाटीने बसलेली. वायफायवर हरवलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पुन्हा पाठवले जाते, त्यामुळे सुरात खरखर येत नाही. मात्र या फेऱ्यांत गेलेला वेळ बफरमधल्या (आधीच उतरवून ठेवलेल्या गाण्याच्या) साठ्यापेक्षा वाढला की आवाजच बंद पडतो.

वायरमन केबल विजेच्या पाइपातूनच ओढणार होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते मला पटले नाही, म्हणून छताच्या कडेने वेगळी केसिंग पट्टी मारून घेतली. एका टोकाचा कनेक्टर मी स्वतः क्रिंप केला, म्हणजे तारांवर दाबून बसवला. केबलच्या आतल्या तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, आणि तिच्याशेजारी हिरवी न लावता निळी लावायची असते; नेमकी तिथेच चूक झाली आणि टेस्टरवर चौथा व सहावा दिवा उलट्या क्रमाने लागले. कनेक्टर कापून नवा बसवला.

तारेमुळे तानपुरा अधिक गोड वाजू लागला, असे मी म्हणणार नाही. बिट तेच आहेत, आणि साध्या कॅट-६ केबलऐवजी ‘ऑडिओ’ म्हणून विकली जाणारी महाग केबल घ्यावी, असे मला मुळीच वाटत नाही. झोपण्याच्या खोलीतला छोटा स्पीकर वायफायवरच राहील, कारण तो राउटरच्या समोरच असतो आणि कधी अडलेला नाही.

रात्री आईने दूध तापवायला ठेवले तेव्हा मुद्दाम विलंबित ख्याल लावला होता. ओव्हनची घरघर दोन मिनिटे चालू होती, आणि त्या दोन मिनिटांत गायक न अडखळता समेवर आला.