डांबराखालचा पत्रा

जुन्या गाडीचं कौतुक बॉनेटच्या रेषेपासून सुरू होतं, क्रोमच्या पट्ट्यांवर रेंगाळतं आणि फार तर स्टिअरिंगपर्यंत येऊन थांबतं. फ्लोअरचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तिथे पाय ठेवायचे असतात, एवढाच त्याचा मान. पण सीटा बाहेर काढा, गालिचा गुंडाळा, त्याखालचा ओल पिऊन कुबट झालेला नमदा उचला. मग शेवटी जे उरतं, त्याच्याशी गाठ पडल्याशिवाय त्या गाडीशी आपली ओळख झाली असं मी धरत नाही. काळा, खडबडीत, जागोजाग तडकलेला डांबराचा थर.

गाडीत बसल्यावर जाणवणारी शांतता बऱ्याच अंशी या कुरूप थराची कमाई असते. फ्लोअरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. इंजिन त्याला हादरवतं, गिअरबॉक्स हादरवतो, खडबडीत रस्ता तर विचारूच नका. उघडा ठेवला तर तो दिवसभर झणझणत राहील. म्हणून कारखान्यात या पत्र्यावर डांबराच्या चादरी अंथरत. रंग भाजायच्या भट्टीतून गाडी गेली की त्या मऊ होऊन पत्र्याच्या खाचाखोचांत बसत आणि तिथल्याच होऊन जात.

पुष्कळांना वाटतं, हा थर बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही. तसं नाही. तो पत्र्यालाच वाजू देत नाही. घणघणत्या घंटेला बोट लावलं की ती गप्प होते, तेच काम डांबर वर्षानुवर्षं करतं. पत्रा थरथरला की त्याला चिकटलेलं डांबरही ताणलं-दाबलं जातं, आणि धड घन नाही, धड पातळ नाही अशा त्याच्या स्वभावामुळे ती थरथर आतल्या आत जिरून किंचित उष्णता होऊन जाते. हा चिकट स्वभाव ध्यानात ठेवा. पुढे थर काढताना तोच कामाला येतो.

कुरकुर आहे ती त्याच्या म्हातारपणाबद्दल. डांबर वयानुसार वाळतं, कडक होतं, तडकतं. पुढच्या काचेचं रबर कुठेतरी सैल पडलेलं असतं, दाराची पट्टी चेपलेली असते, हीटरचा पाइप पाझरत असतो. कुठूनही आलेलं पाणी सखल जागी, म्हणजे फ्लोअरवरच येतं. नमदा ते धरून ठेवतो आणि भेगांतून ते डांबराखाली शिरतं. एकदा तिथे गेलं की त्याला ऊनही नाही, वाराही नाही. वरून थर शाबूत, खाली पत्र्याचे पापुद्रे. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये तर बॅटरीच मागच्या सीटखाली, थेट फ्लोअरवर; तिथे पाण्याच्या जोडीला आम्लही असे, आणि नेमका तेवढाच चौकोन खाऊन गेलेल्या बीटल पुष्कळ दिसतात.

मग सगळं खरवडून काढायचंच का? शर्यतीवाले वजन घटवायला काढतात, त्यांचं गणित वेगळं. एरवी घट्ट बसलेलं डांबर उगाच छेडू नये, हे शहाण्यांचं मत मला पटतं. पण थराच्या कडेला गंजाची तांबूस रेघ दिसली की शहाणपण माझ्याच्याने टिकत नाही. खाली काय चाललंय हे बघितल्याशिवाय झोप कशी लागायची?

हत्यार उचलण्याआधी एक गोष्ट मात्र करावीच. काही जुन्या चादरींत आणि तळाला फासलेल्या लेपांत अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे मिसळलेले असत. म्हणून शंका असेल तर छोटा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि तोवर घासणं, कापणं, धूळ उडवणं बंद. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून भिडणाऱ्यांना तर मी हात जोडतो. डांबर निघत नाहीच. गरम होऊन पसरतं, ब्रशात भरतं आणि उरलेलं तुमच्या शर्टावर येतं.

हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, काम होतं, पण हळूहळू. जागा थोडी तापवायची, खरवडायची पट्टी तिरपी धरून खाली सारायची, की चिकट काळी वळी वर येते. जास्त तापवलं तर ते पट्टीलाच लगडतं आणि वासाने डोकं उठतं. पत्र्याच्या पलीकडून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जात असतात, याचं भान मात्र क्षणभरही सुटता कामा नये.

खरी मजा कोरड्या बर्फात आहे. गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश सेल्सिअस. त्याचा चुरा थरावर पसरायचा आणि थोडा वेळ थांबायचं. पांढरी वाफ फ्लोअरभर लोळते आणि मग हातोडी लावायच्या आधीच खालून तडतड ऐकू येऊ लागते. गारठ्याने पत्रा थोडासा आकसतो, डांबर त्याच्या कितीतरी पट आकसतं, आणि त्या ओढाताणीत दोघांची पकड सुटत जाते. शिवाय ज्या लवचीकपणाने ते इतकी वर्षं थरथर जिरवत आलं, तोच थंडीने गेलेला असतो; डांबर काचेसारखं ठिसूळ होतं. बर्फ सारून हलकेच ठोकलं की तळहाताएवढ्या खपल्या टपाटप उडतात. खाली कधीकधी कारखान्यातला प्रायमर जसाच्या तसा निघतो. मूळ रंगाचा एखादा ओघळही सापडतो, ज्यावर त्या दिवसापासून उजेड पडलेला नसतो.

बर्फ वितळून ओल मागे राहत नाही, तो थेट वायू होऊन जातो. धोका त्याच वायूचा. तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे गाडीच्या खोलगट तळात साचतो, आणि ओणवं होऊन काम करणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. सगळी दारं उघडी, जागा मोकळी, हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. आणि बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच ठेवायचा नाही, डबा फुटतो. मधल्या बोगद्याच्या, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध लांबट उचललेल्या भागाच्या, उभ्या बाजूंवर तो ठरतही नाही. तिथे मुकाट्याने पुन्हा हीट गन. उरलेले काळे डाग रॉकेलच्या चिंधीने पुसायचे, अर्थात हीट गन गार होऊन दूर गेल्यावरच.

मग कानांची पाळी. हातोडीच्या दांड्याने पत्रा ठोकत जायचं. टणक जागा खणखणीत बोलते, कुजलेली बद्द वाजते. जिथे शंका येईल तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबायचा. तो आरपार गेला आणि खालची जमीन दिसली, तर निदान भोक कुठे आहे हे तरी कळलं. त्या गाडीत इतकी वर्षं लोक निर्धास्त पाय ठेवून बसले होते! ज्या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते, त्यांत हाच पत्रा सांगाड्याचा भाग, तेव्हा वर ठिगळ चिकटवून भागत नाही. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वरवरच्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल पुरतं, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि सांध्यांत सीलर.

नव्या चादरी ब्युटाइल रबराच्या येतात, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. दोन पत्र्यांमध्ये रबर घासटलं जातं आणि थरथर तिथेच जिरते. उत्साही मंडळी त्या फरशी बसवल्यागत काठोकाठ लावतात. गरज नसते. सपाट भागाच्या मधोमध पाव ते अर्धी जागा झाकली तरी झणझण मोडते. मी सांधे आणि पाणी काढायच्या भोकांची रबरी बुचं मुद्दाम उघडी ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला खाली वाकून बघण्यावर भागेल. मागे बसणारे तरी म्हणतातच की आवाज येतो. तो डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, दात्यांचा आहे, त्याला फ्लोअरवरची चादर काय करणार, हे मी त्यांना समजावून सांगतो. पटत कुणालाच नाही.